सतरा पावलांचा आजार

मानवी शरीराचा सगळा भार शेवटी टाचेवर येतो. डोक्यात कितीही थोर विचार असोत, छातीवर कितीही बिल्ले असोत, पोटात काही असो वा नसो, ते सगळं खाली उतरत उतरत येतं आणि टाचेवर बसतं. टाचेखाली फक्त जमीन असते, त्यामुळे टाचेला आपला भार आणखी कुणावर ढकलता येत नाही. (प्रत्येक संस्थेतही अशी एक जागा असते. तिथे तिला टाच म्हणत नाहीत, मामा म्हणतात.)

मोठ्या इस्पितळाचा टाच विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. टाचा दुखणाऱ्यांना तीन मजले चढायला का लावता, असं काही अडाणी माणसं विचारतात. त्यामागे शास्त्र आहे. विभाग तळमजल्यावर होता तेव्हा रोज दोनशे रुग्ण यायचे. वर नेल्यावर सत्तर येऊ लागले. म्हणजे नुसती जागा बदलल्याने शहरातल्या एकशे तीस माणसांच्या टाचा रोजच्या रोज बऱ्या व्हायला लागल्या. गोळी नाही, सुई नाही, काही नाही. (लिफ्ट आहे. ती स्ट्रेचर आणि साहेब यांच्यासाठी राखीव आहे. स्ट्रेचरसाठी ती अधूनमधून बंद असते.)

या विभागाच्या दाराशी मामा एकोणीस वर्षं उभा होता. उभा होता म्हणजे नोकरीला होता असं नाही, खरोखरच उभा होता. सकाळी साडेसातला उभा राहायचा, संध्याकाळी चारला उभं राहणं थांबवायचा. अंगावर खाकी शर्ट, हातात नंबरांची वही, कानाला पेन. दाराबाहेर लांबलचक व्हरांडा, गुळगुळीत दगडी फरशी, आणि भिंतीला लागून बावीस माणसांचा लाकडी बाक, ज्यावर पस्तीस बसायची. मामाचं काम सोपं होतं. नंबर पुकारायचा, ज्याचा असेल त्याला आत सोडायचं, ज्याचा नसेल त्याला अडवायचं, आणि दोन्ही प्रकारच्या माणसांच्या शिव्या सारख्याच आदराने ऐकून घ्यायच्या.

दार कायम अर्धं उघडं असायचं, त्यामुळे आत साहेब काय सांगतात ते मामाला एकोणीस वर्षं ऐकू आलं होतं. साहेब म्हणजे विभागप्रमुख. माणूस हुशार, हाताला गुण असलेला आणि अजिबात वाईट नाही. एका रुग्णाला सरासरी दोन मिनिटं दहा सेकंद द्यायचा. त्यातली पहिली चाळीस सेकंदं नाव विचारण्यात जायची आणि शेवटची वीस पुढच्याचं नाव विचारण्यात.

टाचदुखीची कारणं विभागाने भिंतीवर तक्ता करून लावली होती, ती अशी:

एक, वजन. (रुग्णाचं.)

दोन, वय. (हेही रुग्णाचंच.)

तीन, पादत्राणं. कडक असली तर कडक असल्यामुळे, मऊ असली तर मऊ असल्यामुळे.

चार, तळपायाखालच्या पट्ट्याला सूज. टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो, तो पायाची कमान तोलून धरतो. तासन् तास कडक जमिनीवर उभं राहिलं की तो टाचेच्या टोकाशी ताणला जातो आणि कुरकुरतो. विश्रांतीनंतरच्या पहिल्या पावलाला सर्वांत जास्त दुखतं.

पाच, मन. वरच्या चारांतलं काही सापडलं नाही तर.

चौथं कारण अगदी खरं होतं. म्हणूनच ते बारीक अक्षरात होतं.

उपायही ठरलेले. पोटरी ताणा, भिंतीला हात लावून. गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवा. मऊ तळव्याच्या चपला घाला, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. आणि मग शेवटचं वाक्य, जे साहेब पुढच्याचं नाव विचारता विचारता म्हणायचे: “जास्त वेळ उभं राहू नका हं.”

हे वाक्य मामाने दिवसाला सत्तर वेळा ऐकलं. एकोणीस वर्षांत, सुट्ट्या वजा जाता, चार लाखांच्या आसपास वेळा. एवढा मोलाचा वैद्यकीय सल्ला इतक्या वेळा फुकट मिळालेला माणूस उभ्या शहरात दुसरा नसेल. आणि हा ऐकला तो उभ्यानेच.

आता विभागाच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं होतं. ती आधी कागदपत्रांची वखार होती, म्हणून बोळासारखी लांब. उजेड आणि पंखा दोन्ही पार टोकाला, त्यामुळे साहेबांचं टेबलही पार टोकाला. दारापासून टेबलापर्यंत सतरा पावलं. मामाने मोजली होती.

ज्याची टाच दुखते तो बाकावर दोन तास बसतो. नंबर येतो, तो उठतो, आणि पहिलं पाऊल टाकतो. त्या पावलाला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तोंड वाकडं होतं, हात आधार शोधतो, तोंडातून आईचं नाव निघतं. (सासूचं निघालेलं मामाने एकदाच ऐकलं.) दुसऱ्या पावलाला जरा कमी. पाचव्याला तो लंगडतो, दहाव्याला लाजत लाजत चालतो, आणि सतराव्याला टेबलाशी पोचतो तेव्हा अगदी सरळ, ताठ, लग्नाला निघाल्यासारखा. साहेब मान वर करतात. समोर धडधाकट माणूस.

“चालताना तर काही दिसत नाही.”

“साहेब, खूप दुखतं हो.”

“कुठे दिसतंय?”

विभागाच्या एकोणीस वर्षांच्या नोंदींनुसार टाच दुखते म्हणून आलेल्यांपैकी प्रत्यक्ष लंगडणारे शून्य टक्के होते. यावरून एक प्रबंधही झाला. टाचदुखी हा आजार नसून मुख्यतः बोलण्याची सवय आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या प्रबंधाला पारितोषिक मिळालं.

आणि मामाला रोज सत्तर वाकडी तोंडं दिसायची. नुसता पहिला पाय बघून तो सांगायचा, ही बाई शाळेत शिकवते, हा न्हावी, ही स्वयंपाकाला चार घरी जाते, हा कारखान्यात मशीनपाशी असतो. सगळी उभ्याने पोट भरणारी. पण मामाला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायला मामा काही तज्ज्ञ नव्हता.

सतराव्या वर्षी मामाची उजवी टाच गेली.

सकाळी खाटेवरून पाय खाली टाकला की असं वाटायचं, तापलेल्या इस्त्रीचं टोक कुणीतरी टाचेत रोवतंय. ही उपमा बायकोची. बायको धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची, दिवसाला शंभर नग, तीही उभ्याने. तिला टाचेचं काही नव्हतं. तिचं कंबरेत होतं.

मामाने वरच्या सगळ्या उपायांचा अभ्यास केलेला होताच. बाटली फिरवली. चपला बदलल्या. पोटरी ताणायला भिंतीला हात लावला, आणि तिथेच घात झाला, कारण घरची भिंत संध्याकाळीच भेटायची आणि दिवसभर समोर होती ती विभागाची. एका दुपारी, कळ मस्तकात गेली तेव्हा, तो दाराशेजारच्या खांबाला टेकला. किती वेळ? एक नंबर पुकारून तो माणूस आत जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सूचनापेटीत कागद निघाला. “टाच विभागाच्या दाराशी असलेला कर्मचारी खांबाला टेकलेला आढळला. याचा रुग्णांवर वाईट परिणाम होतो. आपला, एक जागरूक नागरिक.”

दारावरची माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा एक सुपरवायझर होता. त्याच्याकडे यासाठी स्वतंत्र वही होती. तिच्यात अशा प्रसंगाला ‘टेक’ म्हणत. पहिल्या टेकेला समज, दुसरीला लेखी समज, तिसरीला नोकरी संपली, त्याच दिवशी, वही आणि पेन जमा करून. दोन महिन्यांनी मामाची दुसरी टेक झाली. पुन्हा जागरूक नागरिकच.

“मामा, मला वाईट वाटतं हो,” सुपरवायझर म्हणाला, “पण मी काय करू? पब्लिक लिहितं. एक काम करा. साहेबांची चिठ्ठी आणा. ‘यांना बसून काम द्यावे’, एवढी एक ओळ. चिठ्ठी आणा, स्टूल न्या. दारातच तर आहात तुम्ही, तुम्हाला काय अवघड?”

अवघड काहीच नव्हतं. साहेब सतरा पावलांवर होते. पण मामा नियमाचा माणूस. ओळखीने आत घुसणाऱ्यांना त्याने एकोणीस वर्षं दंडाला धरून मागे आणलं होतं. तो पावणेसातला खिडकीशी रांगेत उभा राहिला, केसपेपर काढला आणि एकतिसावा नंबर घेतला. मग साडेसातला दाराशी उभा राहिला.

नियम असा होता: नंबर तीन वेळा पुकारावा. प्रत्येक वेळी बाकावर नजर टाकावी. बाकावरून कुणी न उठल्यास नंबरावर फुली मारून पुढचा पुकारावा.

साडेअकराला मामाने पुकारलं, “एकतीस!”

बाकावर नजर टाकली. कुणी उठलं नाही.

“एकतीस!”

“मामा, तो तुमचाच ना?” बाकावरची एक बाई म्हणाली. “सकाळी माझ्यापुढे होतात की तुम्ही.”

“माझाच आहे.”

“मग जा ना आत, वाट कुणाची बघताय?”

“मी आत गेलो तर बत्तीस कोण पुकारणार?”

“बत्तीस मी आहे. मी पुकारते.”

“बत्तीसने बत्तीस पुकारायचा नसतो, बाई. एकतीस!”

तिसऱ्यांदा बाकावर नजर टाकली. बाकावरून कुणी उठलं नाही. कसं उठणार, माणूस दाराशी होता. मामाने कानाचा पेन काढला आणि स्वतःवर फुली मारली. कुणी म्हणेल, पाच मिनिटं दार सोडायला काय हरकत होती? एकदा मामा दोन मिनिटं पाणी प्यायला गेला होता, तेव्हा अकरा जण एकदम आत शिरले. साहेबांनी अकरा टाचा एका नजरेत तपासून अकरा जणांना मिळून एक गोळी लिहून दिली. (वेळ वाचला. पण गोळी कुणी घ्यायची यावरून व्हरांड्यात मारामारी झाली.)

मामाने आठवडाभराने पुन्हा नंबर काढला. पुन्हा तीनदा पुकारलं, पुन्हा स्वतःकडे दुर्लक्ष केलं, पुन्हा फुली. तिसऱ्या खेपेलाही तेच. आणि इथे विभागाचा सर्वांत जुना नियम लागू झाला: जो रुग्ण तीनदा येत नाही त्याला आता यायची गरज उरलेली नसते, सबब तो बरा झाला असं समजावं. विभागाचं यश चौऱ्याण्णव टक्के होतं ते याच मार्गाने. मामाच्या केसपेपरवर शिक्का बसला: ‘पूर्ण बरा’.

सुपरवायझरने तो बघितला. त्याला मनापासून आनंद झाला. “अरे वा, मामा! मग चिठ्ठी कशाला हवी आता?”

संध्याकाळी मामाने हे बायकोला सांगितलं. ती धुलाईच्या दुकानात एका डॉक्टरी कोटाची कॉलर दाबत होती. तिने इस्त्री उभी केली.

“म्हणजे स्वतःच हाक मारली?”

“हो.”

“आणि स्वतःच ओ दिली नाहीत?”

“बाकावर नव्हतो ना मी.”

“अहो, जगात माणसं दुसऱ्याला बुडवतात. तुम्ही स्वतःलाच गैरहजर लावून आलात? तेही तीनदा? वर पगार घेता त्याचा?”

“नियम आहे.”

“टाच नियमाची आहे का तुमची?” तिने दोन शर्ट दाणदाण दाबले. वाफेचा ढग उठला. “उद्या मी येते. मी पुकारते. तुम्ही बाकावर बसा, चारचौघांसारखे.”

“तुला तो अधिकार नाही.”

“तीस वर्षं घरात हाका मारतेय तेव्हा अधिकार विचारलात कधी?”



दुसऱ्या दिवशी नवा केसपेपर निघाला. नंबर पुन्हा एकतीस आला. बायको दुकानातून तासाभराची सुट्टी घेऊन आली, पदर खोचला, मामाच्या हातातली वही घेतली आणि दारात उभी राहिली. मामा बाकाकडे गेला. लोक सरकले. तो बसला.

एकोणीस वर्षांत त्या बाकावर तो पहिल्यांदा बसत होता. आधी त्याला कळेना, हातांचं काय करायचं. मग पाठ हळूच मागे गेली. मग मांड्या सैल झाल्या. तळपायांतून काहीतरी निघून गेलं, जसं पाहुणे गेल्यावर घर निवांत होतं. त्याला आतून हसू आलं. माणसं हे रोज करतात, त्याला वाटलं, आणि वर कुरकुरतात की दोन तास बसवून ठेवलं.

“अठ्ठावीस! चला आटपा. तुम्ही कुठे? तुमचा सत्तेचाळीस. बसा. बसा म्हणते ना! एकोणतीस!”

“ही मामी बरी आहे,” शेजारचा न्हावी म्हणाला. “मामा तर अंत्ययात्रेत पुकारल्यासारखं पुकारतात.”

मामाचे डोळे मिटत आले होते.

“एकतीस! अहो, एकतीस! घोरताय काय, तुम्हीच एकतीस!”

मामा उठला. पहिलं पाऊल टाकलं.

बाकावरच्या पस्तीस माणसांनी एकदम माना वळवल्या. एकोणीस वर्षं त्यांच्या तोंडांकडे बघणाऱ्याचं तोंड आज ती बघत होती. बायकोचा हात पुढे आला होता. तिने तो परत घेतला, कारण तिला नंबर पुकारायचे होते. मामा दारातून आत गेला. तीन, चार, पाच. भिंतीला हात लावायचा नाही, दोन टेका झाल्यात. नऊ, दहा. कळ ओसरायला लागली. पंधराव्याला छाती आपोआप बाहेर आली, सोळाव्याला हनुवटी वर झाली. सतराव्याला टेबलाशी एक ताठ, रुबाबदार वॉचमन उभा होता.

“मामा? दार कोण बघतंय?” साहेब म्हणाले.

“बायको.”

“बरं. पुढचा पाठवा.”

“पुढचा मीच आहे, साहेब.”

साहेबांनी चष्मा वर केला. पाय समोरच्या स्टुलावर ठेवायला सांगितला. मामाने पाय उचलला आणि थबकला. निळं, चार पायांचं स्टूल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. ती घडी त्यानेच घातली होती, पहिल्या आठवड्यात. तेव्हा हे स्टूल दाराशी होतं. मग ‘बसलेला कर्मचारी पाहून रुग्णांना विश्रांतीविषयी गैरसमज होतो’ म्हणून ते आत आलं, तपासणीसाठी. तेव्हापासून त्या स्टुलावर अख्ख्या शहराच्या टाचा आरामात बसून गेल्या होत्या.

साहेबांनी अंगठ्याने दाबलं. मामा कळवळला.

“दुखतं?”

“दुखतं.”

“पण येताना तर मस्त चालत आलात. काही दिसलं नाही.”

“दिसणार नाही, साहेब,” मामा म्हणाला. “दुखणं दाराशी असतं. इथे येईपर्यंत संपतं.”

आणि मग त्याने सांगितलं. बाक, दोन तास, पहिलं पाऊल, आईचं नाव, सतरा पावलं. साहेबांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. सहा मिनिटं झाली. विभागाच्या इतिहासात एवढा वेळ कुणालाच मिळाला नव्हता.

“किती वर्षं बघताय हे?”

“एकोणीस.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“विचारलं नाहीत. आणि आत यायचा नंबर आज लागला.”

साहेब खरंच हेलावले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितलंय. ते म्हणाले, “चला, बघू या.” सकाळी दहापासून बसलेले ते उठले, पहिलं पाऊल टाकलं, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. हात टेबलाकडे गेला.

“अंग जरा आखडलंय,” साहेब म्हणाले.

मामाने आपला खांदा साहेबांच्या हाताखाली दिला. दोघं सतरा पावलं चालत दाराशी आले. तिथे पोचेपर्यंत साहेबांचं दुखणं संपलेलं होतं, त्यामुळे ते नव्हतंच असं ठरलं.

साहेब दाराशी तासभर थांबले. बायको नंबर पुकारत होती, माणसं उठत होती, आणि प्रत्येक माणूस पहिल्या पावलाला वाकत होता. “अरे देवा,” साहेब पुटपुटत होते, “अरे देवा.”

“तुमचे कोट इस्त्री मीच करते, साहेब,” बायको म्हणाली. “उभ्यानेच. ह्यांची तेवढी चिठ्ठी द्या.”

“देतो, देतो. आधी हे लिहून काढू दे. हे फार मोठं आहे.”

ते खरोखरच मोठं होतं. एकशे बारा पानं झालं. त्यात चिठ्ठीची एक ओळ राहून गेली.

त्या अहवालावर सात जणांची समिती बसली. समितीच्या पाच बैठका झाल्या, गाद्यांच्या खुर्च्यांवर. सदस्य बुद्धिमान होते, त्यांनी पायरी पायरीने विचार केला. दुखणं उठताना होतं, हे सिद्ध झालेलं. उठण्यासाठी आधी बसलेलं असावं लागतं, यावर दुमत नव्हतं. बसण्यासाठी आसन लागतं. विभागात आसन एकच, तो बाक. सबब टाचदुखीचं मूळ कारण बाक आहे. एका सदस्याने विचारलं, साहेबांच्या खुर्चीचं काय? त्यावर सखोल चर्चा होऊन खुर्ची कायम ठेवण्यात आली, कारण साहेब कामाच्या वेळेत तिच्यावरून उठत नाहीत, आणि जो उठतच नाही त्याला पहिलं पाऊल नसतं.

सोमवारी चार माणसांनी येऊन बाक उचलून नेला.

परिणाम थक्क करणारा होता. आता माणसं दोन-अडीच तास उभ्याने, एकेक पाऊल सरकत यायची, त्यामुळे दाराशी कुणाचंच पाऊल पहिलं नसायचं. दाराशी लंगडणारे शून्य टक्के, टेबलाशी लंगडणारे शून्य टक्के. विभागाचं यश चौऱ्याण्णववरून नव्याण्णवावर गेलं. (रांगेत चक्कर येऊन पडणाऱ्यांना खालच्या मजल्यावर चक्कर विभागात नेतात. ते त्यांच्या आकड्यांत धरले जातात.)

मामाने स्टुलासाठी अर्ज केला. तो चारच दिवसांत निकाली निघाला, असं काम त्या इमारतीत कधी झालं नव्हतं. उत्तर असं होतं: ‘अर्जदाराच्याच निरीक्षणावरून बसणे हे टाचेस घातक असल्याचे सिद्ध झाले आहे. अर्जदाराच्या प्रकृतीची काळजी म्हणून अर्ज नामंजूर. व्हरांड्यात कोणतेही आसन ठेवू नये.’

“तुमच्याच तोंडाने घालवलंत,” बायको म्हणाली. रात्रीच्या जेवणाआधी तिने बाटली गोठवायला ठेवली, आणि ती त्याच्या पायाखाली स्वतः फिरवत बसली.

पण संस्था कृतघ्न नव्हती. मामाचा जाहीर सत्कार ठरला. तळमजल्याच्या सभागृहात दोनशे खुर्च्या मांडल्या. डॉक्टर आले, नर्स आल्या, समितीचे सातही जण आले, बरे झालेले रुग्ण आले, आणि शहरातले बरेच सहृदय लोक आले, ज्यांना अशा कार्यक्रमांना यायला आवडतं. व्यासपीठावर मामासाठीही खुर्ची होती. पण सभागृहाचं दार बघायला माणूस हवा होता, आणि दाराचं काम मामाइतकं कुणाला येत नव्हतं. त्यामुळे सत्कारमूर्ती दाराशी उभी राहिली आणि सत्कार व्यासपीठावर झाला.

चार भाषणं झाली. पहिलं तासाभराचं. “ज्या माणसाने आयुष्यभर उभं राहून आम्हाला बसण्याचे धोके दाखवले,” साहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कित्येकांचे डोळे पाणावले. मान वळवून लोक दाराकडे बघत होते आणि मामाकडे पाहून हसत होते, प्रेमाने. मामाही हसत होता. एकट्या शेवटच्या रांगेमागे उभ्या असलेल्या बायकोला ते हसू कसलं ते कळत होतं, कारण त्या वेळी त्याचा उजवा पाय जमिनीला लागत नव्हता.

तिसऱ्या भाषणात, ‘त्याग’ या शब्दाच्या आसपास, मामाची पाठ भिंतीला लागली. बायकोने मोजले, चार श्वास. मग तो पुन्हा ताठ झाला.

दुसऱ्या दिवशी सूचनापेटीत कागद होता. “काल सत्काराच्या कार्यक्रमात खुद्द सत्कारमूर्ती भिंतीला टेकलेली आढळली. कार्यक्रम सुंदर झाला, पण हे बघून वाईट वाटलं. आपला, एक जागरूक नागरिक.”

सुपरवायझरला रडू आलं. त्याने तशातच वहीत तिसरी टेक लिहिली. मामाने नंबरांची वही दिली, कानाचा पेन काढून दिला. तीन मजले उतरायला त्याला पाऊण तास लागला. लिफ्ट चालू होती. खाली बायको उभी होती.

“संपलं?”

“संपलं.”

“मग बसा आता जरा.”

दोघांनी आजूबाजूला बघितलं. इस्पितळाच्या आवारात बसण्यासारखं काही नव्हतं. पायऱ्या होत्या, पण तिथे पाटी होती.

तो कागद कुणी लिहिला, याचा तपास झाला नाही. तक्रार खरी होती, तेव्हा तपास कशाचा? एवढंच सांगता येतं की तो साहेबांचा नव्हता, समितीचा नव्हता, सुपरवायझरचा तर नव्हताच. तो खुर्च्यांवरच्या दोनशे जणांतल्या कुणाचा तरी होता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी, कदाचित डोळे पाणावलेल्यांपैकी. अक्षर वळणदार होतं, ओळी सरळ होत्या. निवांत बसून लिहिलेलं कळत होतं. त्या दोनशे जणांना मामाबद्दल अगदी मनापासून वाटलं होतं, जसं आत्ता तुम्हाला वाटतंय, आणि त्यांच्यातला एकही जण आपली खुर्ची घेऊन दाराकडे गेला नव्हता.

असो. बराच वेळ बसलात. आता उठाल तेव्हा पहिलं पाऊल जपून टाका. उद्या कुठल्याशा दारातून आत जाताना तिथे एखादा नवा मामा उभा दिसेल. त्याच्या नावावर अजून एकही टेक नाही. तुम्ही अजून लिहिलेली नाही.